दमसास पुरत नाही? आधी श्वास सोडायला शिका: गाणाऱ्यांसाठी आणि बोलणाऱ्यांसाठी क्रमवार सराव

गाण्याचा क्लास असो, कीर्तन असो नाहीतर शाळेच्या गॅदरिंगचं निवेदन, तक्रार ठरलेली. दमसास पुरत नाही, ओळीच्या शेवटी आवाज पडतो, तार सा ला घसा आवळतो. उपायही ठरलेलाच असतो, म्हणजे छाती फुगवून भलामोठा श्वास घ्यायचा, जमेल तितका धरून ठेवायचा आणि रोज दोन-चार सेकंद वाढवत न्यायचे. यानं श्वास धरून बसायची सवय तेवढी पक्की होते. गाताना किंवा बोलताना श्वास धरलेला नसतोच, तो सतत बाहेर जात असतो, त्यामुळे तो किती सावकाश आणि किती एकसारखा जातो यावर सगळं अवलंबून आहे.

दुसरा घोळ क्रमाचा. आधी तान, मग कधीतरी श्वास, आणि बसायचं कसं हे तर कुणी विचारतच नाही. खालच्या पायऱ्या आहेत त्याच क्रमानं करा, एक जमल्याशिवाय पुढची घेऊ नका.

## शरीरात नेमकं काय होतं

फुप्फुसांना स्वतःला हलवणारे स्नायू नाहीत. त्यांच्या खाली घुमटाच्या आकाराचा एक पातळ स्नायू असतो, डायफ्राम, त्याला मराठीत श्वासपटल म्हणतात. तो आकसला की खाली सरकतो, बरगड्या बाजूला उघडतात आणि हवा आत येते. पोटातले अवयव खाली दाबले जातात म्हणून पोट थोडं पुढे येतं, एवढंच. पोटात हवा जात नाही, तेव्हा "पोटात श्वास भर" हे गुरुजींचं वाक्य शब्दशः घेऊन पोट ढकलत बसू नका.

शांत बसलेलो असताना एका श्वासात साधारण अर्धा लिटर हवा ये-जा करते. पूर्ण भरून पूर्ण सोडली तर प्रौढ माणसाची हीच हवा ढोबळमानानं ३ ते ५ लिटर भरते. म्हणजे साठा भरपूर आहे, कमी पडतं ते नियंत्रण.

छाती ठासून भरली की फुप्फुसं आणि बरगड्या आपोआप मिटायला बघतात, फुगवलेल्या फुग्याचं तोंड सोडल्यासारखी हवा सुटते. पहिल्या दोन शब्दांत निम्मी हवा गेली की उरलेली ओळ पोट आवळून ढकलावी लागते, आणि पोटाबरोबर घसाही आवळला जातो. ओळीच्या शेवटी आवाज चिरकतो, पडतो किंवा कणसूर (किंचित बेसूर) होतो त्यातला बराच भाग इथून येतो. म्हणून या लेखात कुठेही "श्वास घ्या" म्हटलं असेल तर तो ७० टक्के भरलेला समजा, काठोकाठ नको.

## आधीची तयारी

जेवणानंतर किमान दोन तास जाऊ द्या, भरल्या पोटी डायफ्राम खाली सरकायला जागाच राहत नाही आणि ज्यांना ॲसिडिटी आहे त्यांचं आम्ल वर येऊन स्वरतंतूंना लागतं ते वेगळंच. सकाळी चहा-बिस्किटावर केलंत तरी चालेल.

पाणी सरावाच्या आधीपासून, दिवसभर थोडं थोडं. गायच्या आधी घटाघटा प्यायलेलं पाणी स्वरतंतूंवरून जात नाही, ते अन्ननलिकेत जातं, शरीरात मुरायला वेळ लागतो. वाफ मात्र थेट पोचते, पाच-सात मिनिटं साध्या पाण्याची, चटका बसणार नाही इतपत. त्यात बाम घालायची गरज नाही.

कंबरेला घट्ट काही नको. पट्टा, जीन्स, झब्ब्याखालच्या पायजम्याची नाडी, सगळं एक बोट सैल.

लागणारं सामान म्हणजे मोबाईल (स्टॉपवॉच, रेकॉर्डर आणि तानपुऱ्याचं ॲप), एक ओढणी किंवा उपरणं, एक स्ट्रॉ, पाण्याचा ग्लास, घडी घातलेली चादर. स्ट्रॉ शक्यतो स्टीलची घ्या, कागदी स्ट्रॉ थोड्याच वेळात मऊ पडते आणि सगळा सराव तिची घडी सरळ करण्यात जातो.

सावधान: दमा, हर्निया, ब्लडप्रेशर, नुकतंच पोटाचं ऑपरेशन किंवा गरोदरपण असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. कुणालाही गरगरलं, बोटांना मुंग्या आल्या की थांबायचं, बसायचं, नेहमीसारखा श्वास चालू द्यायचा. "थोडं सहन केलं की जमतं" हा नियम इथे चालत नाही.

## पायरी ०: आज कुठे आहात ते मोजा

सुरुवातीला करायचं, मग महिन्यातून एकदा, वहीत तारीख घालून लिहायचं. प्रत्येक मोजणी तीनदा, मध्ये दोन-तीन साधे श्वास, आणि तिन्हीतली चांगली धरायची.

१. सोयीच्या पट्टीत, ना मोठा ना बारीक असा "आ" किती सेकंद टिकतो. निरोगी प्रौढ माणसाचा साधारण १५ ते २५ सेकंद टिकतो.

२. "स्‌स्‌स्" किती सेकंद.

३. "झ्‌झ्‌झ्" किती सेकंद. यात आवाज असतो, घशावर बोट ठेवलं तर थरथर लागते.

दुसरा आणि तिसरा आकडा जवळपास सारखे यायला हवेत. "स" लांब आणि "झ" दर वेळी फार आखूड येत असेल, म्हणजे दीडपटीच्या आसपास फरक, तर अडचण श्वासात नसून स्वरतंतू नीट मिटत नसण्यात असू शकते, आणि ती या सरावानं सुटणार नाही. हे निदान नव्हे, पण ईएनटीकडे एकदा जाऊन यायला पुरेसं कारण आहे.

## पायरी १: बसणं आणि उभं राहणं

आपल्याकडे गाणं मांडी घालून, आणि तिथेच पहिली गळती. सतरंजीवर सपाट बसलं की बहुतेकांचे गुडघे कंबरेपेक्षा वर राहतात, कंबर मागे कलंडते, पाठीला पोक येतो, पोटाची घडी पडते. या अवस्थेत डायफ्राम बिचारा करणार काय.

१. चादरीची जाड घडी फक्त बुडाखाली घ्या, मांड्यांखाली नाही. गुडघे कंबरेपेक्षा खाली गेले पाहिजेत, घडी लागेल तेवढी वाढवा.

२. पुढे-मागे डुला, बसायची दोन हाडं जमिनीला टेकल्याचं कळेल. बरोबर त्यांच्यावर बसा.

३. छातीचं मधलं हाड किंचित वर, खांदे सैल, हनुवटी जमिनीला समांतर.

पेटीवर गाणाऱ्यांनी जरा जास्त लक्ष द्या. डावा हात भात्यावर, उजवा पट्ट्यांवर आणि डोळे वहीत, म्हणजे मान आपोआप पुढे जाते. पेटी एखाद्या पाटावर ठेवून उंच करा, वही स्टँडवर घ्या. अजून एक गंमत, पुष्कळ जण भाता मारायच्या लयीत श्वास घ्यायला लागतात आणि त्यांना पत्ताच नसतो. म्हणून पहिले काही आठवडे सराव फक्त तानपुऱ्यावर.

उभ्यानं बोलणाऱ्यांनी पावलं खांद्याइतकी लांब, गुडघे ताठ लॉक केलेले नकोत, वजन दोन्ही पायांवर. पोडियमला रेलू नका, रेललं की एका बाजूच्या बरगड्या बंद.

तपासा: या स्थितीत खांदे न हलवता सहज बोलता येतंय का? पाठ दुखायला लागली तर तुम्ही ताठ बसलाय, सरळ नाही.

## पायरी २: आधी सोडा, आत आपोआप येऊ द्या

ही पायरी फार सोपी वाटते म्हणून लोक टाळतात आणि पुढे सगळं अडतं.

१. पाठीवर झोपा, गुडघे वाकवून पावलं जमिनीवर. डोक्याखाली टॉवेलची पातळ घडी.

२. एक तळवा बेंबीवर, दुसरा छातीच्या मधोमध.

३. ओठांचा छोटा चंबू करून "फू" असा श्वास सोडत राहा, संपला असं वाटलं की अजून थोडासा. पोट खाली जाताना हाताला कळेल.

४. एक क्षण थांबा. आता श्वास ओढू नका, पोटाचे स्नायू नुसते सोडून द्या. नाकातून हवा आपणहून आत येईल, पोटावरचा हात वर उचलला जाईल.

५. असे आठ-दहा श्वास, मग दोन मिनिटं आराम, मग पुन्हा तेवढेच.

चौथ्या कलमात जे झालं तोच गाण्याचा श्वास. घसा उघडा, आवाज नाही, खांदे जागच्या जागी. पुढे तो उभ्यानं आणि घाईत घ्यायचा आहे इतकाच फरक.

नेहमीची चूक: श्वास न घेताच पोट पुढे ढकलणं. नाक बंद करूनही पोट पुढे-मागे करता येतं, करून बघा, म्हणजे पोट हललं हा काही पुरावा नव्हे. नाकाशी हवा कळली पाहिजे आणि त्याच वेळी हात उचलला गेला पाहिजे.

तपासा: छातीवरचा हात आधी हलतोय का? हलत असेल तर अजून चार दिवस इथेच राहा.

## पायरी ३: बरगड्या उघड्या ठेवणं

दमसास वाढतो तो खरं तर इथे. ओढणी किंवा उपरणं खालच्या बरगड्यांभोवती गुंडाळा, बेंबीच्या साधारण चार बोटं वर, टोकं समोर एकमेकांवरून नेऊन हातात धरा. आता पायरी २ चा श्वास बसून घ्या. कापड बाजूंनी आणि पाठीकडून ताणलं गेलं पाहिजे, फक्त पुढून ताणलं गेलं तर तुम्ही पोट ढकलताय.

मग हलका "स्‌स्‌स्" सोडायला लागा आणि निम्मा श्वास जाईपर्यंत कापडाचा ताण तसाच राहू द्या. दुसऱ्या निम्म्यात तो हळूहळू सैल होईल, होऊ द्या. पहिल्या दिवशी कापड दोन सेकंदांत ढिलं पडतं, सगळ्यांचंच पडतं. बरगड्या अशा उघड्या राहिल्या की हवा एकदम मिटून बाहेर फेकली जात नाही.

नेहमीची चूक: बरगड्या उघड्या ठेवायच्या म्हणून घसा बंद करून हवा अडवणं. म्हणजे परत श्वास धरणंच झालं, फक्त कापड बांधून.

तपासा: श्वास भरून बरगड्या उघड्या असताना हलकेच "हो" म्हणा. आधी घशात टक् असा बारीक आवाज आला तर घसा मिटलेला होता. हवेसारखा सहज निघाला तर ठीक.

## पायरी ४: एकसारखी "स"

१. चार मोजेपर्यंत नाकातून श्वास, ७० टक्के.

२. "स्‌स्‌स्" आठ मोजेपर्यंत. जमलं की १२, मग १६, मग २०. एका आठवड्यात चारपेक्षा जास्त वाढवू नका.

३. प्रत्येक फेरीनंतर दोन साधे श्वास, एका बैठकीत सहा-आठ फेऱ्या खूप झाल्या.

४. आत दोन-तीन सेकंदांची हवा शिल्लक असतानाच थांबायचं.

शेवटच्या कलमावर लोक हटकून वाद घालतात, की पूर्ण पिळून काढल्याशिवाय क्षमता वाढणार कशी. पिळून काढलं की खांदे पडतात, मान पुढे येते, घसा आवळतो आणि पुढचा श्वास हापापल्यासारखा घेतला जातो, आणि तुम्ही रोज सराव करताय तो नेमका याच सगळ्याचा. २० सेकंदांची सरळ "स" ४० सेकंदांच्या हेलकावणाऱ्या "स" पेक्षा कितीतरी जास्त कामाची.

सरळ आहे का हे कानाला नीट कळत नाही, डोळ्यांनी बघा. मोबाईल वीतभर लांब ठेवून रेकॉर्ड करा, बहुतेक रेकॉर्डर ॲपमध्ये आवाजाची पट्टी दिसते. सुरुवातीला जाड आणि पुढे बारीक होत गेलेली पट्टी म्हणजे हवा सुरुवातीलाच उधळली, मध्येमध्ये उंचवटे म्हणजे पोट धक्के देतंय. सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारख्या जाडीची पट्टी आली की पुढे जा. कुणाला १५ सेकंदच सरळ जमत असतील तर १५ वर पुढे जायला हरकत नाही.

## पायरी ५: आता आवाज जोडायचा

स्ट्रॉ. ग्लासात पाणी घ्या, स्ट्रॉचं टोक दोन बोटं बुडवा, ओठ घट्ट मिटून त्यातून "ऊ" गा. बुडबुडे एकसारखे आले पाहिजेत, मध्येच थांबले तर हवा अडली आणि ग्लासाबाहेर पाणी उडालं तर जास्त झाली. आधी एकच सूर, मग सा ते प हळू वर-खाली. तोंडाशी अडथळा असल्यानं स्वरतंतूंवर उलटा हलका दाब येतो आणि ते कमी जोर लावून हलतात, म्हणून घसा थकलेला असतानाही हे करता येतं. तीन ते पाच मिनिटं.

मग "म". ओठ मिटलेले, दात सुटे, भ्रामरीत करतो तसा गुंजारव. ओठांना आणि नाकाच्या मुळाशी गुदगुल्या झाल्या पाहिजेत. घशातच थरथर जाणवत असेल तर आवाज कमी करा.

मग "म" मधून "आ". "म्‌म्‌म्‌आ". ओठ उघडताना हवा वाढवू नका.

सूर लागतो तो क्षण तीन प्रकारचा असतो. आधी हवा आणि मग आवाज, "हाऽ" असा, यात दमसास वाया जातो. घसा मिटवून एकदम ठोकर, टक् करून "आ", यानं स्वरतंतू एकमेकांवर आपटतात, वर्गात ओरडणाऱ्या शिक्षकांचा आवाज याच सवयीनं बसतो. आणि तिसरा, हवा आणि आवाज बरोबर, तो हवाय. जमत नसेल तर "म" चा आधार घेत राहा, घाई नाही.

तपासा: तळवा तोंडासमोर चार बोटांवर धरून "आ" गा. ऊब जाणवावी, वारा नको.

## पायरी ६: खर्ज आणि आ-कार

खर्जाचा, म्हणजे खालच्या सुरांचा, सराव सगळेच सांगतात आणि तो चुकवतातही सगळेच. मंद्र सा गाठायचाच म्हणून हनुवटी छातीत खुपसून, घसा दाबून घरघर काढणं म्हणजे खर्ज नव्हे.

१. मध्य सा वर "आ", सावकाश, पायरी ४ च्याच नियमानं. शेवटी दोन-तीन सेकंद शिल्लक.

२. एकेक सूर खाली, नी, ध, प. प्रत्येक सुरावर दोन-तीन श्वास.

३. आवाज विरायला लागला, नुसती हवा यायला लागली, की ती तुमची आजची हद्द. तिथून एक सूर वर येऊन तिथेच थांबा.

४. १० ते १५ मिनिटं पुरे. सकाळी उठल्यावर आवाज खाली जातो म्हणून फुशारून अर्धा तास करू नका.

मग वर. वरच्या सुराला दाब थोडा जास्त लागतो हे खरं, पण हवेचा लोंढा लागत नाही. प च्या वर चढताना मोठा श्वास घ्यायची जी ऊर्मी येते ती आवरा, नेहमीचाच श्वास घ्या, ओढणीचा ताण तेवढा जास्त वेळ टिकवा. पट्टीही आपलीच धरा. काळी चारला चांगलं गाणारी मुलगी मैत्रिणीची काळी पाच आहे म्हणून ओढून गाते आणि मग श्वास पुरत नाही म्हणते, तिथे दोष श्वासाचा नाहीच.

## पायरी ७: ओळीत श्वासाच्या जागा

इथून गाणारे आणि बोलणारे वेगळे.

### गाणाऱ्यांनी

वहीत बंदिशीच्या शब्दांवर पेन्सिलीनं खुणा करा, श्वास कुठे. आयत्या वेळी ठरवू म्हटलं की शब्द मध्येच तुटतो.

सुरुवात पलट्यांनी. सारेगम, रेगमप, गमपध, मपधनी, पधनीसां, पहिल्यांदा प्रत्येक चार सुरांनंतर श्वास, मग आठांनंतर, मग पाचही गट एका दमात. श्वास गटाच्या शेवटीच, मध्ये कुठेही नाही, उरला असला तरी ठरल्या जागी घ्यायचाच. उरलेल्या हवेवर नवी हवा भरत गेलं की थोड्या वेळात छाती गच्च भरते आणि तरीही धाप लागते, म्हणून ठरल्या जागी आधी क्षणभर सोडायचं आणि मग घ्यायचं.

मग तीनताल. लय मिनिटाला ९६ मात्रा ठेवली की १६ मात्रांचं एक आवर्तन बरोबर १० सेकंदांचं होतं, हिशेबाला सोपं. आधी आठ मात्रांची, म्हणजे पाच सेकंदांची तान, मग अख्ख्या आवर्तनाची. मुखडा नवव्या मात्रेवरून उठत असेल तर श्वास आठवीच्या शेवटी घेऊन टाका, नाहीतर समेवर येईपर्यंत दम संपतो आणि सम नुसती उच्चारली जाते, पडत नाही.

तानेत सगळ्यात महाग चूक म्हणजे प्रत्येक सुराला "ह" लावणं, हा-हा-हा-हा अशी तान. दर सुराला हवा सुटते, आठ मात्रांत सगळं खलास. लय निम्मी करा आणि "आ" अखंड ठेवून सूर बदला, रेकॉर्ड करून ऐका, "ह" लगेच सापडतो.

### बोलणाऱ्यांनी

मराठी वाक्याचा जीव शेवटी असतो, क्रियापदात, आणि नेमका तिथेच आपला श्वास संपतो. "पावसामुळे उद्याची सहल रद्द केलेली नाही" असं माईकवरून सांगितलं आणि "नाही" गिळलं गेलं, तर सकाळी निम्मी मुलं घरी.

यासाठी वाक्य मागून बांधा, प्रत्येक वेळी नवा श्वास घेऊन:

नाही.
केलेली नाही.
रद्द केलेली नाही.
उद्याची सहल रद्द केलेली नाही.
पावसामुळे उद्याची सहल रद्द केलेली नाही.

पाचही वेळा "नाही" तितकंच ठळक ऐकू आलं पाहिजे. रोज पेपरमधली तीन-चार वाक्यं अशी करा.

भाषणाच्या कागदावर श्वासाच्या जागी तिरपी रेघ मारा. "की", "पण", "म्हणून", "कारण" यांच्या आधी, नंतर नाही. व्यासपीठावरच्या मान्यवरांची यादी वाचताना दोन-दोन नावांनंतर श्वास, सातही नावं एका दमात वाचून कुणी टाळ्या वाजवत नाही आणि सातव्या पाहुण्यांचं आडनाव कुणाला ऐकूही येत नाही. ख, फ, भ, ध या अक्षरांना हवा जास्त लागते, तेव्हा अशी अक्षरं दाटलेल्या वाक्याला एक रेघ जास्त द्या.

## पायरी ८: झटपट श्वास

कार्यक्रमात नाकातून चार मोजेपर्यंत श्वास घ्यायला कुणी वेळ देत नाही. द्रुत बंदिशीत किंवा पोवाड्यात अर्धा सेकंद मिळाला तर नशीब.

१. १ ते ५ मोठ्यानं मोजा.

२. पोट एकदम सोडून द्या, तोंड "ओ" म्हणायच्या तयारीत, हवा नाक आणि तोंड दोन्हींतून आत.

३. लगेच पुन्हा १ ते ५. असं सहा वेळा, मग १ ते १०.

श्वास घेताना आवाज आला तर घसा अरुंद राहिलाय. माईकवर हा आवाज फार वाईट ऐकू येतो, विशेषतः रेकॉर्डिंगला. खांदे वर जातायत का हे आरशात बघून करा, या पायरीत सगळ्यांचे पुन्हा वर जायला लागतात.

## रोजचं वेळापत्रक

सुरुवातीला २० मिनिटं बास. पायरी २ आणि ३ मिळून पाच, "स" पाच, स्ट्रॉ आणि "म" पाच, उरलेली पाच आपलं गाणं किंवा भाषण. खर्ज पुढे वेगळा जोडा. रविवारी दोन तास आणि आठवडाभर सुट्टी यानं काही होत नाही. पायरी ० ची मोजणी महिन्यातून एकदा, रोज स्टॉपवॉच घेऊन बसू नका, माणूस आकड्याच्या नादात घसा आवळतो.

## कार्यक्रमाच्या दिवशी

कपडे आदल्या दिवशी घालून एकदा गाऊन बघा. पैठणीखाली परकराची नाडी करकचून बांधलेली असते आणि स्टेजवर मांडी घातल्यावर ती अजून रुतते, मग म्हणतात घरी तर छान झालं होतं. नाडी उभ्यानं न बांधता बसून, श्वास भरलेला असताना बांधायची.

गायच्या अगदी आधी कपालभाती किंवा भस्त्रिका नको. जोरजोरात भराभर श्वासानं डोकं हलकं होतं आणि घसा कोरडा पडतो, करायचं तर सकाळी करा. धडधडत असेल तर चार मोजून श्वास आत, आठ मोजून "फू" करत बाहेर, पाच-सहा वेळा.

मेंथॉलच्या गोळ्यांनी गार वाटतं पण पुष्कळांचा घसा वाळतो, त्यापेक्षा कोमट पाण्याचे घोट. सारखं खाकरू नका, गिळा. साउंड चेकला "हॅलो हॅलो" ओरडण्यापेक्षा खरी ओळ गाऊन बघा, मॉनिटरमध्ये (आपल्याकडे तोंड केलेल्या स्टेजवरच्या स्पीकरमध्ये) स्वतःचा आवाज ऐकू येत नसेल तर तसं सांगा, कारण ऐकू आलं नाही की माणूस ओरडतोच आणि आठवड्यांचा सराव तिथे संपतो. माईक तोंडापासून चार बोटं आणि किंचित तिरपा, म्हणजे "फ" आणि "भ" फुटत नाहीत.

## श्वासाचा सराव कुठे थांबवायचा

सर्दी-खोकल्यात पायरी २ ते ४ चालतील, आवाजाचं काही नको. घसा बसलेला असताना कुजबुजत बोलणं हाही उपाय नाही, त्यातही ताण पडतो, गप्प बसा किंवा मोजकं, हळू, पण आवाज लावून बोला.

आवाज दोन-तीन आठवडे घोगरा आहे, बोलताना दुखतंय, वरचे सूर अचानक गायब झालेत किंवा थुंकीत रक्त दिसलंय, यातलं काहीही असेल तर ईएनटीकडे जाऊन दुर्बिणीनं स्वरतंतू बघून घ्या. तिथून बऱ्याचदा स्पीच थेरपिस्टकडे पाठवतात, जा, स्वरतंतूंवरच्या गाठी सुरुवातीच्या असतील तर पुष्कळदा थेरपीनंच बऱ्या होतात. शिक्षकांना एक व्यवहारी गोष्ट, गळ्यात अडकवायचा छोटा माईक-स्पीकर बाजारात सहज मिळतो. साठ मुलांचा वर्ग, वर फुल स्पीडला पंखे आणि बाहेर पी.टी.चा तास चालू असेल तर तो वापरा, कुठलाही श्वास त्या गोंगाटाला पुरणार नाही.